पोरं खेळता खेळता भाषा उचलतात, मग मोठ्यांचं काय? विनोबा तुरुंगात बसून चार भाषा शिकले, त्याची गोष्ट

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयते, भांडीकुंडी, पीठमिठाची गाठोडी आणि लेकरं असं सगळं ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं आणि टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर.

कर्नाटकात गेलेल्या टोळीत एक गंमत बघायला मिळते. आई-बाप फडात राबतात, त्यांचं काम आकड्यांवर, खुणांवर आणि मुकादमाच्या मध्यस्थीवर चालतं. पण कोपीभोवती खेळणारं पाच-सहा वर्षांचं लेकरू शेजारच्या वस्तीवरच्या पोरांत मिसळतं आणि बघता बघता ‘बा’, ‘होगु’, ‘नीरु’ करायला लागतं. पुढे पुढे तर किराणा दुकानात आईचा दुभाषा म्हणून तेच उभं राहतं. त्याला कुणी व्याकरण शिकवलेलं नसतं, पाढ्यासारखे शब्द पाठ करून घेतलेले नसतात. (या सगळ्यात त्याची गावाकडची शाळा बुडते ते वेगळंच. बोली कन्नड आली म्हणून मराठी बाराखडीचा खड्डा भरून निघत नाही.)

हे असं का होतं, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरंच संशोधन झालंय. त्यातला एक प्रयोग मराठी माणसाला लगेच पटेल. जॅनेट वर्कर या कॅनडातल्या संशोधिकेनं तिच्या सहकाऱ्यासोबत १९८४ साली तो प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ ऐकवला. इंग्रजीत हा फरकच नाही. तरी सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. तीच चाचणी दहा-बारा महिन्यांच्या बाळांवर केली तर बहुतेकांना फरक कळेनासा झालेला. हिंदी घरातल्या बाळांना मात्र तो कळतच राहिला. म्हणजे मूल बोलायला लागायच्या आधीच कान आपल्या घराची भाषा निवडतो आणि बाकीच्या आवाजांची दारं हळूहळू लोटून घेतो.

१९६७ साली एरिक लेनेबर्ग या अभ्यासकानं मांडलं की भाषा शिकायचा एक ठरावीक काळ असतो आणि वयात आल्यावर तो संपतो. नेमका कधी संपतो यावर आजही वाद आहेत. २०१८ साली इंग्रजी व्याकरणाच्या एका चाचणीत साडेसहा लाखांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली गेली. त्यातून असं दिसलं की व्याकरण पकडायची ताकद साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरायला लागते.

म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या माणसानं नवी भाषा शिकायचा नाद सोडावा?

तर १९४२ सालात जाऊ. भारत छोडो आंदोलनात ब्रिटिशांनी एका बारीक अंगकाठीच्या माणसाला पकडलं आणि पुढे त्याला मध्य प्रांतातून उचलून पार तमिळ मुलखातल्या वेल्लोरच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. वय ४७. सुटका कधी होणार, माहिती नाही. या माणसानं तिथं काय केलं? तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या चारही भाषा एकदम शिकायला घेतल्या. एकदम चार कशाला, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा पाचवी नाहीये म्हणून, असं त्यांचं उत्तर होतं असं सांगतात.

हा माणूस म्हणजे विनायक नरहर भावे. आपण ज्यांना आचार्य विनोबा म्हणतो ते.

विनोबा म्हटलं की आपल्याला भूदान आठवतं, पवनार आठवतं आणि आणीबाणीचा वाद आठवतो. पण त्यांचं अख्खं आयुष्य भाषांच्या वाटेनं बघितलं तर एक वेगळाच माणूस दिसतो. लहानपणी फुकटात मिळालेली भाषा आणि मोठेपणी किंमत मोजून मिळवलेली भाषा, या दोन्ही गोष्टी त्या एका आयुष्यात शेजारी शेजारी सापडतात.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. गाव गागोदे, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातलं. लहानपण आजोबा शंभुरावांच्या घरात गेलं. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला होते, नंतर सगळं बिऱ्हाडच तिकडे गेलं. बडोदा म्हणजे गायकवाडांचं संस्थान. राजघराणं मराठी, आजूबाजूचा मुलूख गुजराती. घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, हे या पोरासाठी रोजचंच झालं. मराठी आणि गुजराती या दोन भाषा त्यांना अशा आल्या. आष्टीच्या लेकराला कन्नड येते तशाच.

घरातली भाषा मात्र आईची होती. रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण संतांचे अभंग आणि स्तोत्रं त्यांच्या तोंडी असायची. आई स्वयंपाक करताना, दळताना जे म्हणायची ते पोराच्या कानात जात राहिलं. आई त्यांना विन्या म्हणायची. पुढे विनोबांची मराठी साधी, ठसठशीत आणि छोट्या वाक्यांची झाली, त्याचं बीज पुस्तकांत शोधण्यापेक्षा या स्वयंपाकघरात शोधलेलं बरं.

हायस्कुलात दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा घरात दोन मतं पडली. वडील विज्ञानाचे भोक्ते, कापडाच्या रंगांच्या रसायनाचा अभ्यास केलेले. त्यांना वाटायचं पोरानं फ्रेंच घ्यावी. आईला वाटायचं ब्राह्मणाच्या पोराला संस्कृत यायला हवं. विनोबांनी शाळेत फ्रेंच घेतली आणि संस्कृत पुढे स्वतःच शिकले. गंमत अशी की शाळेत परीक्षेसाठी शिकलेली फ्रेंच त्यांच्या आयुष्यात फारशी कामाला आल्याचं दिसत नाही. मनानं उचललेल्या संस्कृतवर मात्र पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

याच काळात एक प्रसंग घडला. बडोद्यात गीतेवर प्रवचनं चालू होती. आई ऐकायला जायची, पण संस्कृत डोक्यावरून जायचं. तिनं विन्याला सांगितलं की मला मराठीतली गीता आणून दे. त्यानं वामन पंडितांची समश्लोकी गीता आणून दिली. तीही तिला जड गेली. मग ती म्हणाली, तूच का नाही करत मराठीत?

मूळ संस्कृत कळत नाही इथवर ठीक आहे. पण मराठीत आलेलीही कळेना, हे विनोबांना लागलं. वामन पंडित सतराव्या शतकातले, त्यांची मराठी विद्वानांची. विसाव्या शतकातल्या बडोद्यातल्या बाईला ती जवळजवळ परभाषाच होती. मातृभाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे, कुणाची मराठी, हाही प्रश्न असतो.

आईची मागणी मनात ठेवून विनोबा घराबाहेर पडले. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले आणि मध्येच सुरतेला उतरून काशीला निघून गेले. त्याआधी शाळेची प्रमाणपत्रं चुलीत घालून झाली होती. ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधींना भेटले आणि तिथलेच झाले.

पुढच्या वर्षी गांधींकडून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला गेले. तिथे नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा होती. शास्त्रीबुवांकडे बसून त्यांनी उपनिषदं, ब्रह्मसूत्रं, शांकरभाष्य असं सगळं वाचलं. नुसतं शिकत बसले नाहीत, तिथल्या मुलांना हिंदी शिकवायचे आणि गीताही सांगायचे. शिकता शिकता शिकवायचं, ही सवय त्यांनी पुढे कधी सोडली नाही. वर्ष संपलं त्या दिवशी परत आश्रमात हजर.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. मराठी गीता झालेली नव्हती.

ती व्हायला अजून बारा वर्षं लागली. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले. ७ ऑक्टोबर १९३० ला तिथे त्यांनी गीतेचं मराठी करायला घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला संपवलं. सातशे श्लोक, समश्लोकी, चार महिने. नाव ठेवलं ‘गीताई’, म्हणजे गीता आणि आई. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. छापायच्या आधी त्यांनी ती पंडितांना दाखवत न बसता आश्रमातल्या मुलींना शिकवून बघितली. जिथे त्या अडखळल्या तिथे शब्द बदलला. संस्कृताचा एवढा व्यासंग असलेल्या माणसानं आपल्या मराठीचा न्यायनिवाडा लहान मुलींकडे सोपवला. कारण त्यांना जी अडली नाही ती आईलाही अडली नसती.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी तिथल्या कैद्यांपुढे गीतेवर बोलले. समोर साने गुरुजी बसून उतरवून घेत होते. तीच ‘गीता प्रवचने’. ती मराठीत सांगितलेली असली तरी पुढे बहुतेक सगळ्या भारतीय भाषांत गेली.

पाच वर्षांनी शिक्षणाचा प्रश्न समोर आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि विनोबा त्या समितीत होते. ‘नई तालीम’ म्हणतात ती योजना यातूनच आली. सात वर्षं मोफत शिक्षण, हाताला काम आणि माध्यम मातृभाषा. मुलानं घरातून जी भाषा फुकट आणली आहे तिच्यावरच शाळा उभी करायची, नाहीतर त्याची पहिली चार-पाच वर्षं विषय समजण्याऐवजी शब्द समजण्यातच जातात, असा त्यामागचा हिशोब. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना बघणाऱ्या आजच्या पालकांनाही हा हिशोब तितकाच लागू पडतो. भले इंग्रजी शिकवू नका असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तर हे झालं मातृभाषेचं. आता मोठेपणी शिकलेल्या भाषांकडे येऊ.

कुराण त्यांनी आधी भाषांतरात वाचलं. समाधान झालं नाही. मग १९३० च्या दशकात, चाळिशीच्या आसपास, अरबी शिकायला बसले. उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी, घशातून निघणारे आवाज, मराठीशी नात्याचं काहीच नाही. तरी पाठ करत, म्हणत, ऐकत ते कुराण मुळातून वाचायला लागले. पुढे मौलाना आझादांसमोर त्यांनी आयती म्हणून दाखवल्या आणि मौलाना त्यांचे उच्चार ऐकून चकित झाले, ही आठवण वर्ध्याकडे बऱ्याचदा सांगितली जाते. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी निवडलेल्या कुराणातल्या वचनांचं पुस्तकही निघालं.

आणि मग वेल्लोर.

सरकारनं त्यांना घरापासून लांब ठेवायचं म्हणून दक्षिणेत नेलं. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की शिक्षकांच्या गावात आणून सोडलंय. आजूबाजूला दक्षिणेतले कैदी होतेच. विनोबांनी चारही भाषा एकमेकींच्या शेजारी ठेवून शिकायला सुरुवात केली. वरवर हा वेडेपणा वाटतो. पण मोठा माणूस भाषा कशी शिकतो ते बघितलं की यातलं शहाणपण कळतं.

लहान मूल भाषा कानानं शिकतं आणि नियम आपोआप बसतात. मोठ्या माणसाचं तसं होत नाही, पण त्याच्या हातात तीन गोष्टी असतात ज्या लेकराकडे नसतात. त्याला वाचता येतं, त्याला आधीच एक पूर्ण भाषा येते आणि तो दोन गोष्टींची तुलना करू शकतो. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास झाला होता. सगळ्यांना वाटत होतं पिल्लं पुढे जातील. पण पहिल्या काही महिन्यांत मोठी मुलं आणि प्रौढच पुढे निघाले, सगळ्यात धाकटी मागे राहिली. नंतर लहानांनी गाठलं, हे खरं. पण सुरुवातीची दौड मोठ्यांची होती.

विनोबांच्या चार भाषांत हे लावून बघा. तेलुगू आणि कन्नड यांच्या लिप्या इतक्या जवळच्या की एक आली की दुसरी अर्धी येते. मलयाळममध्ये संस्कृत शब्दांची रेलचेल, म्हणजे वाईचं वर्ष तिथे कामाला आलं. तमिळ जरा वेगळी. तिच्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर, कुठे काय म्हणायचं ते शब्दावरून ठरवायचं. चार भाषा वेगवेगळ्या वेळी शिकल्या असत्या तर चार डोंगर होते, एकत्र घेतल्यावर एकाच डोंगराच्या चार वाटा झाल्या.

त्यात शिकणारा मराठी. मराठीचं दक्षिणेशी जुनं नातं आहे. अक्का, अण्णा हे शब्द आपण रोज वापरतो. त्याहून मोठं उदाहरण म्हणजे ‘आपण’ आणि ‘आम्ही’. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला वगळून बोलायचं तर आम्ही. हिंदीत दोन्हींना ‘हम’. इंग्रजीतही एकच शब्द. पण तमिळमध्ये ‘नाम’ आणि ‘नांगळ’ असे दोन आहेत, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’. दिल्लीच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. आपल्याला तो मिळालाय हेच आपल्याला माहिती नसतं, इतकंच. ते कळायला दुसरी भाषा शिकावी लागते.

विनोबांची दुसरी युक्ती म्हणजे संतवाङ्मय. बाजारात भाव कसा करायचा, तिकीट कसं मागायचं, असल्या वाक्यांपासून त्यांनी भाषा शिकली नाही. त्या भाषेतलं लोकांच्या तोंडी असलेलं भक्तीचं पुस्तक घ्यायचं आणि पाठ करत सुटायचं. तमिळमध्ये तिरुक्कुरळ आणि तिरुवाचकम, ओडियात जगन्नाथ दासांचं भागवत, असमियात माधवदेवांचा नामघोषा, पंजाबीत जपुजी. आशय बराचसा ओळखीचा असायचा, कारण आईच्या अभंगांतही तोच होता. अर्थ आधीच कळलेला असला की अनोळखी शब्द आपोआप उलगडतात. शिवाय पद्य असल्यामुळे शब्द, चाल आणि उच्चार एकदमच डोक्यात बसतात. मोठेपणी लहान मुलासारखं शिकायचं असेल तर याहून चांगली वाट सापडणं अवघड.

वेल्लोरहून त्यांना सिवनीच्या तुरुंगात हलवलं. तुरुंगातल्या या काळात त्यांनी नागरी लिपी छपाईला आणि शिकायला सोपी व्हावी म्हणून तिच्यात फेरफार केले, तिला लोकनागरी म्हणतात. १९४५ मध्ये सुटका झाली.

आता एक खुलासा करायला हवा. विनोबांना किती भाषा यायच्या, याचे आकडे सोशल मीडियावर भरपूर फिरतात. कुणी १४ म्हणतं, कुणी २० च्या पुढे जातं. पण ‘येणं’ म्हणजे काय? दक्षिणेत सभा असली की त्यांचं भाषण बहुतेक हिंदीत असायचं आणि शेजारी उभा राहून कुणीतरी त्याचं भाषांतर करायचं. वाचणं, पाठ म्हणणं, समजणं हे एक आणि हजार माणसांपुढे तासभर अस्खलित बोलणं हे दुसरं. आष्टीचं लेकरू कन्नड धडाधडा बोलेल, पण त्याला कन्नडचं एक अक्षर वाचता येणार नाही. विनोबांचं बरोब्बर उलटं. त्यामुळे त्यांचा मोठेपणा आकड्यात मोजायला गेलं की तो हरवतो.

मग एवढा खटाटोप कशाला, असंही वाटेल. त्याचं उत्तर १९५१ मध्ये मिळालं.

त्या वर्षी हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा वर्ध्याहून चालत गेले. तिथून तेलंगणात फिरायला निघाले. जमीनदार आणि शेतमजूर यांच्यातल्या रक्तरंजित लढ्यानं हा भाग पोळलेला होता. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्ली गावात हरिजन वस्तीतल्या ४० कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून १०० एकर द्यायची तयारी दाखवली. भूदान इथून सुरू झालं.

तेव्हाचा नकाशा बघितला तर पोचमपल्ली आणि आष्टी ही दोन्ही गावं एकाच राज्यात होती. हैदराबाद राज्यात. एका टोकाला तेलुगू, दुसऱ्या टोकाला मराठी, खालच्या अंगाला कन्नड. आणि निजामाच्या काळात या सगळ्यांवर कचेरीची भाषा म्हणून उर्दू. १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण द्यायचा हा मोठाच प्रयोग होता, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आष्टीच्या नाहीतर पोचमपल्लीच्या शेतकऱ्याच्या पोरासाठी ती भाषा घरातलीही नव्हती आणि गल्लीतलीही नव्हती. सातबाऱ्यापासून कोर्टापर्यंत सगळं ज्या भाषेत चालतं ती आपल्याला येत नाही, म्हणजे काय होतं ते मराठवाड्यातल्या जुन्या पिढीनं भोगलंय. उर्दू गोड नाही असं नाही. मराठवाड्याच्या बोलीत ती आजही मुरलेली आहे. बाजारात, शेजारात, दोस्तीत आलेली उर्दू लोकांनी आपलीशी केली. दप्तरातून आलेली कधी आपली वाटली नाही.

अशा मुलखात विनोबा गेले तेव्हा ते तेलुगू शिकलेले होते. भाषण हिंदीत झालं तरी समोरचा आपसात काय बोलतोय ते ज्या पाहुण्याला कळतं, तो पाहुणा लोकांना वेगळा वाटतो. नंतरची तेरा वर्षं ते देशभर पायी फिरले. बिहार, बंगाल, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, काश्मीर, आसाम. जिथे जातील तिथे पहाटेच्या अंधारात चालता चालता त्या प्रांताच्या संतांचं पुस्तक चालू. यात्रेत कुणी जपानी आला, कुणी जर्मन आली की त्यांच्याकडूनही धडे सुरू. विद्यार्थी साठीला टेकलेला. १९५८ मध्ये पहिल्या मॅगसेसे पुरस्कारांपैकी एक त्यांना मिळाला तोपर्यंत हा वर्ग चालत्या वाटेवरच भरत होता.

भूदानाचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे. दान मिळालेल्या जमिनीतली पुष्कळशी पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. पण इथे तो मुद्दा नाही.

मुद्दा १९६५ चा आहे. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची राजभाषा होणार होती. तमिळनाडू, तेव्हाचा मद्रास प्रांत, पेटला. माणसं मेली, काहींनी स्वतःला जाळून घेतलं. विनोबा तेव्हा पवनारला होते. १२ फेब्रुवारीला त्यांनी उपोषण सुरू केलं. हा माणूस आयुष्यभर हिंदीचा प्रचार करत आलेला. वाईत मुलांना हिंदी शिकवणारा, देशभर हिंदीत बोलणारा. त्यामुळे त्यांनी हिंदीची बाजू घेतली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. हिंसा नको. ज्यांना हिंदी नको त्यांच्यावर हिंदी लादायची नाही. ज्यांना इंग्रजी नको त्यांच्यावर इंग्रजी लादायची नाही. काही दिवसांनी, वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी हे मान्य केल्यावर, उपोषण सुटलं.

वेल्लोरच्या कोठडीत विनोबांना तमिळ शिकायची सक्ती कुणी केली नव्हती. केली असती तर तिचं शाळेतल्या फ्रेंचसारखंच झालं असतं.

एका बाबतीत मात्र त्यांची आणि लोकांची नाळ जुळली नाही. सगळ्या भारतीय भाषांनी आपापल्या लिपीसोबत नागरीही वापरावी, म्हणजे शेजारची भाषा शिकायला अर्धी सोपी होईल, हा त्यांचा आग्रह होता. त्यातून १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद उभी राहिली. तर्क बिनचूक होता. मराठी माणसाला नेपाळी पाटी वाचता येते ती लिपीमुळेच. पण तमिळ किंवा बंगाली माणसाला आपली लिपी म्हणजे घराचा उंबरा वाटते, तिथे दुसऱ्याची चौकट बसवायला तो तयार नसतो. विनोबा स्वतः इतक्या लिप्या सहज शिकले की लिपीत माणसाचा जीव किती अडकलेला असतो, हे त्यांना पुरतं जाणवलं नसावं.

२५ डिसेंबर १९७४ ला त्यांनी एक वर्षाचं मौन धरलं. एवढ्या भाषा जमवलेला माणूस वर्षभर एकाही भाषेत बोलला नाही. नेमकी याच वर्षात आणीबाणी लागली आणि मौनातही त्यांच्या लिहिलेल्या शब्दांवरून जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला ते गेले. १९८३ मध्ये मरणोत्तर भारतरत्न दिलं गेलं.

वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे. १९८० मध्ये ते खुलं झालं. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. उभ्या दगडांची एक लांबच लांब रांग आहे आणि त्यांच्यावर अठराही अध्याय कोरलेले आहेत, मराठीत. शाळेच्या सहली येतात तेव्हा पोरं एकेका दगडापुढे थांबून मोठ्यानं वाचत पुढे सरकतात. बहुतेक शब्द त्यांना अडत नाहीत.